वन्संची काशाची वाटी

सुंदरम्मा वन्संनी, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेनं, उभ्या जन्मात कुणाचं ऐकलं नाही. मीही ऐकत नाही. आमच्या दोघींच्या मधे सापडले एकटे आमचे मालक, आणि तेही कधी, तर त्यांचा उजवा पाय राहणार की जाणार हे ठरायचं होतं तेव्हा.

मालकांची बाजारात ज्वारीची आडत. स्वभाव असा गरीब की हमालाला हाक मारायची तरी आधी दोनदा घसा खाकरतील. पण संक्रांतीला त्यांचं रूप बघावं. आमच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत कळकाच्या उंचच उंच काठ्या सजवून मिरवतात. नंदीध्वज म्हणतात त्यांना. घराच्या माळवदावरून वाकून बघितलं तरी शेंडा आपल्यापेक्षा उंचच. ती काठी कमरेच्या पट्ट्यात उभी पेलून चालायचं. पांढरी बाराबंदी घालून मालक काठी घेऊन निघाले की मला वाटायचं, हा माणूस घरात माझ्यापुढं मान खाली घालतो तो निव्वळ चांगुलपणानं. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर डोक्यावर बसले असते.

शहात्तर सालची गोष्ट. यात्रेआधीच्या सरावात त्यांचा पाय अडखळला. घरी आल्यावर मी धोतर वर केलं, तर पोटरीत लिंबाएवढी गाठ.

“हे काय हो?”

“पोतं लागलं आसंल.”

“कवा लागलं?”

“दिवाळीत.”

“दिवाळीतलं पोतं आजून पायातच बसलंय? खाली उतरवायला हमाल बोलवू का?”

“तेल लाव, जाईल,” म्हणाले, आणि धोतर खाली ओढलं. तशीच गाठ झाकून त्यांनी त्या वर्षी काठी पेलली. मी माळवदावरून बघत होते, आणि पहिल्यांदाच माझं लक्ष शेंड्याकडं नव्हतं, पोटरीकडं होतं.

पुढं पुण्याला नेलं. तिथं तुकडा काढून तपासला आणि डॉक्टर म्हणाले, कॅन्सर आहे. जांघेतही एक बारकी गाठ हाताला लागतेय. पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागेल, उशीर करू नका.

परतीच्या एसटीत मालक खिडकीशी बसले. टेंभुर्णीला गाडी थांबली, लोक चहाला उतरले, तेव्हा म्हणाले, “चन्नम्मा, एका पायावर काठी पेलत न्हाय.”

मी म्हणलं, “काठीचं ऱ्हाऊ द्या. माझं तोंड सुरू झालं की तुमी दुकानाकडं पळता. एका पायावर कसं पळणार?”

हसले ते. हसता हसता डोळे पुसायला लागले, तेव्हा मी खाली उतरून केळी आणायला गेले. केळी कुणालाच नको होती.

घरी आल्यावर कुणीतरी डॉक्टर दाक्षायणीबाईंचं नाव सांगितलं. सोलापुरातच एका ट्रस्टच्या दवाखान्यात होत्या. मूळच्या विजापूरकडच्या, विलायतेत शिकून आलेल्या. बारीक अंगाच्या, मोठ्या चष्म्याच्या, आणि मला पहिल्या दिवसापासून अम्मा म्हणायला लागल्या. त्यांनी गाठ चाचपली, पुण्याचे कागद वाचले आणि म्हणाल्या, “पाय काढायच्या आधी एक गोष्ट करून बघता येईल. औषधाचं इंजेक्शन देऊ, आणि गाठीला उष्णता देऊ.”

“उष्णता?” मला हसूच आलं. “डॉक्टरीणबाई, तुमी सोलापुरात हाय न्हवं? त्यांना वैशाखात दारात उभं करते की. फुकटात होईल.”

त्याही हसल्या. “ऊन कातड्याला लागतं, अम्मा. आतलं अंग घाम काढून स्वतःला थंड ठेवतं. मला आतल्या गाठीला तापवायचंय. चांगल्या मांसाला गरम लागलं की रक्त धावत येतं आणि उष्णता घेऊन जातं. गाठीतलं रक्त असं मोकळं धावत नाही, उष्णता तिथंच कोंडते. त्यात ती मरते.”

मग त्यांनी यंत्र दाखवलं. रबराच्या नळ्या पोटरीभोवती गुंडाळायच्या, त्यातून गरम पाणी फिरवायचं, आणि गाठीत सुई घालून आतली ऊब मोजत राहायची. जास्त झाली तर पाय भाजेल, कमी झाली तर उपयोग नाही.

“आणि जांघेतल्या गाठीला?” मी विचारलं. “तितं नळ्या कशा गुंडाळणार?”

“तिथं नाही गुंडाळता येत.” त्यांनी नळ्या खाली ठेवल्या. “अम्मा, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत खिसेकापू कसा दिसतो?”

“कसा म्हंजे? तुमच्या-आमच्यासारखाच. टोपी घालून, कपाळाला भस्म लावून.”

“कॅन्सर तसाच. आपल्या रक्तात राखणदार असतात, ते त्याच्या शेजारून जातात पण ओळखत नाहीत. उष्णतेनं त्याचं सोंग उतरतं. एकदा तोंड बघितलं की राखणदार त्याच्या जोडीदारांनाही दुसरीकडं धरतात. असं आम्हाला वाटतंय. आम्ही अजून शिकतोय, खात्री मी देत नाही.”

खात्री देत नाही म्हणणारा डॉक्टर मला तोवर भेटला नव्हता. मला ती बाई आवडली.

“आठवड्यातून दोनदा यंत्र लावू. त्या दिवशी संध्याकाळी ताप येईल,” त्या म्हणाल्या. “तो उतरवायचा नाही. तापात राखणदार जोरात फिरतात. पाणी भरपूर पाजा. फारच चढला, किंवा माणूस ओळखेना झाला, तर लगेच मला बोलवा. पण त्याच्या आत हात लावू नका. येत्या अमावास्येला गाठ बघू. हलली नसेल, तर पाय काढा असं मीच सांगेन.”

मी शब्द दिला.

आणि त्याच आठवड्यात मैंदर्गीहून वन्सं आल्या.

सुंदरम्मा वन्सं मालकांपेक्षा मोठ्या. आई लवकर गेली म्हणून मालकांना त्यांनीच कडेवर वाढवलेलं. मालकांना त्या तम्मा म्हणतात, म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. नवरा वारल्यावर मैंदर्गीला एकट्या राहतात, पण भावाला शिंक आली की एसटीत बसतात. हातात एक गाठोडं, त्यात दोन लुगडी, तुपाचा डबा आणि काशाची वाटी. ती वाटी म्हणजे त्यांचं शस्त्र. आमच्याकडं उन्हाळ्यात तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीनं घासतात. अंगातली उष्णता पायावाटे निघून जाते म्हणतात. तळवे काळे होतात, डोळे निवतात, माणूस गाढ झोपतो. वन्संच्या हाताखाली तर रडणारं पोर जांभई देतं.

उंबऱ्यातच सुरू झालं.

“सोलापूरच्या उन्हात लोक डोक्यावर फडकं घेत्यात, आन तू नवऱ्याला शिजवायला नेतीस व्हय गं?”

“शिजवत न्हाय वन्सं. शेकतात.”

“भाकरी शेकत्यात. माणूस न्हाय.”

“तुमी शेकलेल्या भाकरीसारखी त्यांची पाठ झाली असती तर बोलायचं. नुसती पोटरी हाय.”

“तोंड मातर तुजं कवाच शेकून निघालंय.”

मालक आत पडल्या पडल्या म्हणाले, “अक्का, पाणी तरी पी आधी.” त्यांना कळलं होतं की हे जेवणापर्यंत चालणार.

यंत्राच्या दिवशी संध्याकाळी ताप चढला. मालकांचं अंग तव्यासारखं. वन्सं वाटी घेऊन उठल्या, मी आडवी झाले.

“उतरवायचा न्हाय.”

“तुला डोळं हायत का? पोर करपायला लागलंय!”

“पोराची पन्नाशी झाली. डॉक्टरीणबाईंना मी शब्द दिलाय.”

“तुजा शब्द ऱ्हाईल आन माजा तम्मा जाईल!”

त्या दिवशी मी जिंकले. वाटी गाठोड्यात गेली आणि मला वाटलं, संपलं. पण मालक घरी, तेव्हा संध्याकाळी आडत बंद करायला मीच जायची. आणि यंत्राच्या दिवशी मी दुकानातून परत यावं, तर ताप निम्म्यावर आलेला, मालक शांत झोपलेले, वन्सं देवापुढं हात जोडून बसलेल्या. मला आनंदच व्हायचा. म्हणायची, चला, अंग टणक आहे यांचं.

गाठ मात्र हलेना. डॉक्टरीणबाई नळ्या सोडून चाचपायच्या आणि विचारायच्या, “ताप येतो ना?” “येतो की. पण लवकर उतरतो.” त्या नुसत्या “हं” म्हणायच्या.

अमावास्या दोन-तीन दिवसांवर आली तेव्हाची गोष्ट. मालकांना टेबलावर घेतलं, नर्सनं पाय उचलला, आणि डॉक्टरीणबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. तळवा काळा दिसत होता. टाचेच्या भेगांत, बोटांच्या बेचक्यात काळं.

“पाणी बंद करा,” त्या म्हणाल्या. मला वळून म्हणाल्या, “अम्मा, पायाचं रक्त थांबलं असेल तर आता यंत्र नाही. पाय काढायला आता थांबता येणार नाही.”

माझ्या पायाखालची फरशी गेली. मालक मान वर करून बघायला लागले.

डॉक्टरीणबाईंनी तळवा अंगठ्यानं दाबला. दाबल्या जागी पांढरं झालं आणि परत लाल झालं. त्यांनी पुन्हा दाबलं. मग दुसरा पाय उचलून बघितला, ज्याला यंत्र कधी लावलंच नव्हतं. तोही काळा. त्यांनी कापूस घेऊन टाच पुसली, काळा कापूस नाकाशी नेला, आणि चष्मा काढून मालकांकडं बघत राहिल्या.

“तूप,” म्हणाल्या. “घरात काशाची वाटी कोण चालवतंय?”

मालकांनी डोळे मिटून घेतले. इतके घट्ट की मला सगळं कळलं.

“तुमाला ठाऊक होतं!” मी म्हणलं. “मी तिकडं पोती मोजून घेते, आन हितं बहीण-भावाचं चाललंय?”

“अक्काला वाईट वाटलं असतं,” मालक पुटपुटले. मग अजून हळू, “आन बरं वाटायचं गं.”

खोदून विचारलं तेव्हा सगळं निघालं. वाटी तर होतीच; एरवी वन्सं मागून पाय धुऊन पुसायच्या, या खेपेला नीट पुसायचं राहिलं. शिवाय पोटावर ओलं धोतर, आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेल्या ताप उतरायच्या गोळ्या, गुळाच्या खड्यात घालून. मी इतकी वर्षं घरात सुई पडली तरी ऐकते, आणि माझ्या माघारी माझ्याच ओट्यावर हे!

डॉक्टरीणबाईंना राग आला होता, पण हसूही आवरत नव्हतं. “माझी आजीसुद्धा हेच करायची,” म्हणाल्या. “वाटीनं किती ताप उतरतो देव जाणे. पण ओलं धोतर आणि गोळ्या, हे नको. गाठ त्यामुळंच हलली नाही असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही. पण एकदा तरी ताप पूर्ण येऊ द्या. अमावास्येच्या पुढं मी आठवडा थांबते. त्यापुढं नाही.”

घरी आल्यावर मी चप्पलसुद्धा काढली नाही.

“वन्सं, वाटी कुटं हाय?”

त्यांनी काय ते ओळखलं. गाठोडं मांडीखाली ओढलं. “मार मला, पर वाटी देणार न्हाय.”

“भावाचा पाय जातोय तुमच्या मायेपायी!”

“जाऊ दे! पाय जाऊ दे. जीव तर ऱ्हाईल.” त्यांचा आवाज चिरकला. “गुरुलिंगाला असाच ताप आला होता. आईला जाऊन वर्स न्हवतं झालं. बाप शेतात. मी पानी आनायला हिरीवर गेले, परत आले तवर अंग गार. तुला काय म्हाईत तापाचं? तू भरलेल्या घरात आलीस. मी त्याला तसाच तापात टाकून गेले होते गं.”

गुरुलिंग हे मालकांचे मधले भाऊ, लहानपणी गेले एवढंच मला ठाऊक होतं. कसे गेले ते या घरात कुणी कधी बोललं नव्हतं. मी खाली बसले. माझ्या तोंडाला पहिल्यांदा शब्द सापडेना, आणि वन्संना ते बघून जरा बरं वाटलं असावं, कारण त्यांनी नाक पुसलं आणि म्हणाल्या, “आता बोल की. दातखीळ बसली काय?”

मी ठरवलं, त्यांना बाहेर काढायचं नाही. बाहेर बसल्या असत्या तर भिंत फोडून आल्या असत्या.

पुढच्या यंत्राच्या दिवशी दुकान दिवाणजींवर सोडलं. ऊन कललं तसा ताप चढायला लागला. मालकांचे दात वाजायला लागले, मी घोंगडं घातलं. वन्सं कॉटच्या पायथ्याशी खुर्चीवर, मुठी आवळून. त्यांच्या हातांना काम नव्हतं, आणि काम नसलेले ते हात मला बघवेनात. केव्हा झडप घालतील त्याचा नेम नव्हता.

“वन्सं, पाय हिकडं करा.”

“का?”

“करा म्हणते न्हवं.”

मी त्यांच्या गाठोड्यातून वाटी काढली, तुपाचा डबा उघडला आणि त्यांच्या पायाशी खाली बसले. लग्नानंतर सणावारी वाकून नमस्कार केला तेवढाच. वन्संच्या पायाशी बसायची वेळ मी कधी येऊ दिली नव्हती. मैंदर्गीच्या वाटा तुडवून भेगा पडलेले पाय. मी तूप चोपडलं आणि घासायला घेतलं.

“अगं ए, माजं काय घासतीस? ताप त्याला हाय!”

“तापलाय तुमी बी काय कमी?”

“हात कसा चालवतीस, भांडं घासल्यावाणी! गोल फिरव, गोल.”

“गोलच फिरवते.”

“सोड मला. तम्मा कण्हतोय.” त्या उठायला गेल्या आणि शहाबादी फरशीवर तुपाचे पाय सर्रकन घसरले. धपकन परत खुर्चीत. पुन्हा उठल्या, पुन्हा तेच.

माझ्याकडं बघितलं त्यांनी. “चन्नम्मा, तू लई पोचलेली हायस.”

“तुमच्याच घरात शिकले.”

कॉटवरून घोंगड्याखालून आवाज आला. आधी वाटलं कण्हतायत. मालक हसत होते. तापानं डोळे लाल, ओठ सुकलेले, आणि हा माणूस हसतोय.

मग ताप आणखी चढला आणि हसणं थांबलं. ते बडबडायला लागले. “धरा, धरा... शेंडा कलतोय...” काठीच्या सरावातलं बोलणं. मी पाणी पाजत होते. हात कपाळाला लागला की चटका बसायचा, आणि बादलीतलं गार पाणी तर हाताशीच होतं. पदर भिजवायचा आणि कपाळावर ठेवायचा, इतकंच. लेकरं लहान होती तेव्हा त्यांच्या तापात मी हेच करायची. वन्संना मी तुपानं बांधून ठेवलं होतं. मला कुणी बांधलं नव्हतं.

“अहो,” मी म्हणलं, “मी कोण?”

डोळे उघडून बघितलं त्यांनी. “तू... भांडखोर.”

“ओळखतायत,” मी वन्संना सांगितलं. “डॉक्टरीणबाईंना बोलवायला नको.”

मी परत खाली बसले. वन्संनी माझा खांदा धरला होता, इतका जोरात की वळ उठले. मी वाटी फिरवत राहिले. दोघीही त्यांच्याकडं बघत होतो, आणि कुणीच कुणाशी भांडत नव्हतं.

दिवे लागले तेव्हा मालकांच्या कपाळावर घाम आला. आधी बारीक, मग मानेवर, मग छातीवर, आणि घोंगडं ओलं झालं. ताप आपला आपण उतरला. कुणी उतरवला नव्हता. मालक म्हणाले, “भाकरी हाय का?”

वन्संनी हात जोडले. मी खाली बघितलं तर त्यांचे तळवे शाईसारखे काळे.

त्यापुढच्या खेपेलाही असंच झालं, आणि मग डॉक्टरीणबाईंनी गाठ चाचपली तेव्हा हाताखाली ती मऊ लागली, पिकल्या लिंबासारखी. त्यांनी जांघेवर हात नेला. बराच वेळ बोटं फिरवत होत्या. मला वाटलं, काहीतरी वाईट सापडलं.

“लागत नाहीये,” त्या म्हणाल्या. “इथं आपण उष्णता दिलीच नव्हती.”

“मग गेली कुटं?”

त्या हसल्या. शाळेत पहिला नंबर आलेल्या पोरीसारख्या. “राखणदारांनी धरली असावी, अम्मा. असावी. यापुढं मला कळत नाही.”

पोटरीतली उरलेली गाठ त्यांच्या दवाखान्यात चिरून काढली. बरोबर मांसही गेलं, बरंच. पाय राहिला. तो किती दिवस राहील, पुन्हा काही उगवेल का, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. दर महिन्याला तपासायला जातो. त्या पोटरीआधी तळवा बघतात आणि माझ्याकडं बघतात.

पुढच्या संक्रांतीला मालकांनी बाराबंदी घातली. काठी आता दुसऱ्यांनी पेलली; मालक तिच्या बाजूनं चालत होते, शेंडा कलला तर ओरडायला. वन्सं आणि मी माळवदावर. हलग्या वाजत होत्या, माणसांचा समुद्र, आणि त्यात मी एकच पांढरी टोपी शोधत होते.

“आला, आला,” वन्सं म्हणाल्या. मग बारीक आवाजात, “उजवा पाय वढतोय गं.”

“हाय म्हणून वढतायत की वन्सं,” मी म्हणलं. “वढू द्या.”

संध्याकाळी घरी आले ते थकून भिंतीला टेकले. पाय पुढं पसरले. वन्संनी माझ्याकडं बघितलं, पण जागच्या हलल्या नाहीत. मी मालकांच्या कपाळाला हात लावला. गार होतं. मग उठून कोनाड्यातली वाटी काढली आणि वन्संच्या हातात दिली.

“घासा आता. दोनी पाय घासा.”